बेचाळीस टक्के

नव्या पेठेत, औषधाच्या दुकानाच्या वर,
लोक पान किती खाली ओढतात ते मी मोजते.
पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर, शंभर.
शेठना या चार खुणा पुरतात.
माझ्या यादीत मात्र नेमका आकडा येतो,
बोट जिथं थबकलं तिथला.

आईला काम समजावलं तेव्हा विड्या वळता वळता म्हणाली,
"म्हणजे लोक कुठवर येऊन परत गेले, ते?
एवढ्याचा पगार देतात?"
देतात. वेळेवर देतात.

सध्या माझ्याकडे चादरींचं पान आहे.
वरती सवलत, मग किंमत, मग रंग,
मध्याच्या जरा अलीकडे मोराच्या चादरीचा मोठा फोटो,
त्याखाली धुण्याच्या सूचना, परतीचे नियम,
आणि अगदी तळाशी, जिथं शंभरातले चार पोचतात,
त्यातलाही एखादा बोट घसरून,
तिथं बारीक अक्षरांत मी एक ओळ टाकली आहे:
विणकर यल्लय्या बोद्दुल, माग नंबर अकरा.
कुणाला विचारलं नाही.
शेठ स्वतः तिथवर जात नाहीत,
ते मला आकड्यांवरून ठाऊक आहे.

मंगळवारी यादीत एक माणूस सापडला.
रात्री एक वाजून दहा मिनिटांनी आला,
सरळ बेचाळीस टक्क्यांवर गेला
आणि तिथं एकोणीस मिनिटं.
वर नाही, खाली नाही.
"फोन उशाशी ठेवून झोपला असणार," इरेश म्हणाला,
"सरासरी बिघडती. काढून टाक."
नियमही तसाच आहे.

मी काढला नाही.
डब्यातली कडक भाकरी मोडत बसले.
एकोणीस मिनिटांत काय काय होतं?
दूध उतू जाऊन चूल विझते.
पोराचा ताप चढतो.
माग न अडता चालला तर एक चादर उतरते.
कुणी मोराकडे बघत रडलं असेल, असंही धरून पाहिलं,
पण तीस टक्के सवलतीपुढं कोण रडतंय.

बुधवारी सकाळी अप्पा पाळीवरून आले,
भुवयांवर कापसाची लव,
चप्पल काढायच्या आधीच सुरू:
"तुझ्या त्या फोटोत पोगु तुटलाय.
मोराच्या मानेखाली, डावीकडनं तिसऱ्या पट्ट्यात.
परवा रात्री लाइट गेली, माग बंद पडले,
तवा बघत बसलो. दोनदा मोजलं.
माझाच माल हाय, हात ओळखतो की मी.
असला फोटो लावतात का गं?"

"आणि खाली?" मी विचारलं. "खाली नाही गेलात?"
"खाली काय असतंय?"
चहा बशीत ओतून त्यांनी फुंकर मारली.
बशी धरलेल्या हाताची करंगळी,
धोट्यानं कधीकाळी वाकवलेली, बाहेर राहिली होती.

सांगणार होते.
पण आता ते नाव तुटलेल्या पोगुच्या खाली आलं होतं,
अठ्ठावन्न टक्के खाली,
आणि ही लांबी त्यांच्या हिशेबात फार नाही.
"धुण्याच्या सूचना," म्हणाले.

ऑफिसात फोटो मोठा केला, आणखी मोठा केला,
मोराचे नुसते ठिपके झाले.
मग दिसला. केसाएवढा.
तीन महिन्यांत अकरा हजार बोटं त्यावरून गेली होती.

संध्याकाळी शेठ आले, खुर्ची ओढून बसले.
"पंचाहत्तरच्या खाली कोण जात नाही ना?
मग छाटून टाका तेवढं."
बघते, म्हणाले.
फोटोबद्दल बोलले नाही.
दुसरा फोटो आहे माझ्याकडे, निर्दोष,
तो कुणी विणला ते माहीत नाही.

यादीत प्रत्येक ओळीपुढं शेरा लिहायला जागा असते,
बहुतेक रिकामीच राहते.
त्या एकोणीस मिनिटांपुढं मी लिहिलं:
वाचत होता.

इरेशनं माझ्या खांद्यावरून पाहिलं.
"वाचत? अगं, तिथं एक अक्षर नाही."